मोनोसाइट २० की ६? ब्लड स्मिअरवर पांढऱ्या पेशी ओळखताना

प्रश्न थोडक्यात असा: डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झाल्यावर कोल्हापुरातल्या एका लॅबमध्ये काम सुरू केलंय. मशीन थ्री-पार्ट आहे, म्हणजे पांढऱ्या पेशी तीनच गटांत मोजणारं, ते मधला गट ‘मिड’ १४ टक्के दाखवतं. त्याच पेशंटची स्लाइड मी मोजली तर मोनोसाइट २० टक्के येतात, पॅथॉलॉजिस्ट सर मोजतात तर ६. पावसाळा लागल्यापासून तर लिम्फोसाइट आणि मोनोसाइट सारखेच दिसतात. पुस्तकातली चित्रं पाठ आहेत, तरी चुकतंय. नेमकं बघायचं काय?

पुस्तकातलं चित्र हे चांगल्या स्लाइडवरच्या चांगल्या पेशीचं असतं. तुमच्यासमोर येते ती गगनबावड्याहून किंवा गारगोटीहून दुपारच्या एसटीनं आलेली, ट्यूबमध्ये पाच तास बसलेली पेशी. म्हणून आधी स्लाइडबद्दल लिहितो आणि मग पेशींबद्दल. पेशी ओळखण्यातला निम्मा गोंधळ मायक्रोस्कोपखाली स्लाइड ठेवण्याआधीच झालेला असतो.

ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत स्मिअर (काचेवरचा रक्ताचा पातळ थर) ओढलेला बरा. तीन तासांनंतर बदल दिसू लागतात, रात्रभर ठेवलेल्या रक्तात ते ठळक होतात. मोनोसाइटमध्ये पोकळ्या पडतात, लिम्फोसाइटच्या न्यूक्लिअसला (केंद्रकाला) खाचा पडून तो क्लोव्हरच्या पानासारखा होतो आणि न्यूट्रोफिलचे लोब (न्यूक्लिअसचे भाग) आक्रसून गर्द गोळे बनतात. खाच पडलेला लिम्फोसाइट नवख्या डोळ्यांना हमखास मोनोसाइट वाटतो. तुमच्या २० मधले काही इथूनच आलेले असणार. फ्रिजमध्ये ठेवल्यानं हे लांबतं, थांबत नाही. बाहेरगावच्या कलेक्शन सेंटरवर असेल त्याला एवढंच शिकवा: रक्त घेतल्यावर तिथंच दोन स्लाइड ओढायच्या, पूर्ण वाळवायच्या, मिथेनॉलमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवून फिक्स करायच्या आणि ट्यूबबरोबर पाठवायच्या. काउंट ट्यूबवरून घ्या, डीसी (कुठल्या पांढऱ्या पेशी किती टक्के ती मोजणी) त्या स्लाइडवरून. दुसरं म्हणजे ट्यूब खुणेपर्यंत भरलेली हवी. लहान मुलाचं अर्धा मिली रक्त दोन मिलीच्या ट्यूबमध्ये घातलं की ईडीटीए जास्त होतं आणि पेशी आक्रसतात.

स्मिअर ओढायचा थेंब दोन-तीन मिलिमीटरचा, स्लाइडच्या टोकापासून साधारण एक सेंटिमीटरवर. स्प्रेडर ३० ते ४५ अंशांत धरा. थेंब स्प्रेडरच्या कडेला पसरेपर्यंत थांबा आणि मग एका दमात पुढं न्या. ॲनिमियाचं पातळ रक्त असेल तर कोन वाढवा आणि हात जलद चालवा. हिमोग्लोबिन १८ च्या पुढं असेल तर कोन कमी करा. स्मिअर तीन-चार सेंटिमीटर लांब, जिभेसारखा, बाजूला मोकळी कड ठेवणारा हवा. स्लाइडच्या कडेपर्यंत पसरलेला स्मिअर फेकून दुसरा ओढा. मोठ्या पेशी कडेला पळतात, त्या तुम्हाला मोजताच येणार नाहीत.

आता पावसाळ्याचा मुद्दा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच पाणी असतं. स्मिअर हळूहळू वाळला की पेशी पसरण्याऐवजी आक्रसतात आणि लाल पेशींत कीड लागल्यासारखी चमकदार भोकं दिसतात. आक्रसलेल्या पेशीचा क्रोमॅटिन (न्यूक्लिअसमधला रंग धरणारा भाग) घट्ट दिसतो. मोनोसाइट आणि लिम्फोसाइट यांच्यातला मुख्य फरकच क्रोमॅटिनचा, आणि तोच पुसला जातो. म्हणून तुम्हाला सगळं सारखं दिसतंय. स्लाइड ओढताक्षणी टेबलफॅनसमोर धरा किंवा हेअर ड्रायरची थंड हवा हातभर अंतरावरून द्या. बर्नरवर शेकू नका. तेवढंच महत्त्वाचं मिथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाण्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या वर गेलं की तीच भोकं पुन्हा दिसतात. कॉपलिन जारमधलं (स्लाइड बुडवायच्या भांड्यातलं) मिथेनॉल पावसाळ्यात रोज बदला, मोठी बाटली उघडी ठेवून गप्पा मारू नका, लेशमनची (स्मिअर रंगवायच्या स्टेनची) बाटलीसुद्धा नाही. लेशमन मिथेनॉलमध्येच केलेला असतो हे आपण विसरतो.

लेशमन करताना ०.१५ ग्रॅम पावडर १०० मिली ॲसिटोनमुक्त मिथेनॉलमध्ये, गाळून, काही दिवस मुरू दिलेली. स्मिअर झाकेल एवढा स्टेन घाला, साधारण आठ-दहा थेंब, दोन मिनिटं ठेवा. या दोन मिनिटांत स्मिअर फिक्स होतो, रंग फारसा चढत नाही. मग दुप्पट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पिपेटनं हलके फुंकून मिसळा, सात ते दहा मिनिटं. नेमकी किती मिनिटं हे प्रत्येक नव्या बाटलीला नॉर्मल रक्ताच्या तीन स्लाइड करून ठरवा. बफरचा पीएच ६.८. घरचा हिशेब सोपा आहे: एका लिटरमध्ये ९.०८ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि दुसऱ्या लिटरमध्ये ९.४७ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. दोन्ही जवळपास सारख्या मापानं मिसळली की ६.८ च्या आसपास येतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या लॅबमध्ये एका दिवशी स्लाइड निळी आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी येते, आणि दोष टेक्निशियनच्या डोळ्यांना लागतो.

स्टेन धुतानाची एक चूक फार होते. दहा मिनिटांत स्टेनवर हिरवट धातूसारखी साय येते. स्लाइड तिरकी करून स्टेन आधी ओतून दिला, तर ती साय खाली स्मिअरवर बसते आणि सगळीकडे जांभळे ठिपके उरतात. नवख्याला ते प्लेटलेट, बॅक्टेरिया, कधी मलेरियासुद्धा वाटतात. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी वरच्या वर काढतात ना, तसंच करायचं. स्लाइड आडवीच ठेवून बफरच्या धारेनं साय तरंगत बाहेर घालवा, मग धुवा. शेवटी स्लाइडची मागची बाजू पुसून उभी वाळवा.

रंग बरोबर आला की नाही हे आधी लाल पेशींवरून आणि इओसिनोफिलवरून बघा. लाल पेशी गुलाबी-तांबूस आणि इओसिनोफिलचे दाणे नारिंगी असतील तर पुढं चला. लाल पेशी निळसर-राखाडी दिसल्या तर पीएच वर गेलाय, स्मिअर जाड आहे किंवा धुणं कमी पडलंय. अशा स्लाइडवर साध्या न्यूट्रोफिलचे दाणे गडद दिसतात आणि रिपोर्टात उगाच ‘टॉक्सिक ग्रॅन्युलेशन’ जातं. उलट न्यूक्लिअस फिकट आणि सगळीकडे गुलाबी असेल तर पीएच खाली आहे किंवा जास्त धुतलंय.

मायक्रोस्कोपबद्दल दोनच गोष्टी. १०० च्या ऑइल लेन्सवर बघताना कंडेन्सर वर आणि डायफ्रॅम बऱ्यापैकी उघडा. अनेक जण कंडेन्सर खाली ठेवून बघतात, त्यानं कडा काळ्या उठतात आणि क्रोमॅटिनचा बारकावा जातो. आणि १०० च्या लेन्सवरून ४० वर येताना तेलात लेन्स बुडते. ‘हाय पॉवर अंधुक झालीय’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. लेन्स पेपरनं पुसा, रुमालानं नाही.

मोजायचं कुठं? आधी १० च्या लेन्सवर पूर्ण स्लाइड फिरा. शेपटीकडे, म्हणजे स्मिअरच्या पातळ टोकाकडे, प्लेटलेटचे गठ्ठे आहेत का बघा, कारण मशीन त्यांना कधी पांढऱ्या पेशी समजतं आणि तेव्हा प्लेटलेटचा आकडाही खोटा कमी येतो. मोजणी मात्र शेपटीच्या थोडं मागं, जिथं लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात आणि त्यांचा मधला फिकट भाग दिसतो तिथंच. शेपटीत मोनोसाइट, न्यूट्रोफिल आणि असतील तर ब्लास्ट (अगदी अपरिपक्व पेशी) जास्त सापडतात, शिवाय पेशी चपट्या होऊन फुगलेल्या दिसतात. जाड भागात लिम्फोसाइट जास्त आणि सगळंच आक्रसलेलं. किल्ल्याच्या तटावरच्या चऱ्यांसारखं खाली-आडवं-वर-आडवं जा. पेशी सुंदर दिसते म्हणून तिथंच रेंगाळू नका आणि ओळखू येत नाही म्हणून सोडूनही देऊ नका. न ओळखलेली पेशी वेगळ्या रकान्यात टाका. नवशिक्याचा डीसी बिघडतो तो बहुधा अशा ‘सोडून दिलेल्या’ पेशींनी.

आता पेशी. माझं ठाम मत आहे की न्यूक्लिअसचा आकार सगळ्यांत शेवटी बघावा. कॉलेजात उलटं शिकवतात: किडनीसारखा तो मोनोसाइट, गोल तो लिम्फोसाइट. मोनोसाइटचा न्यूक्लिअस गोलही असतो, लिम्फोसाइटला खाचही पडते आणि मेटामायलोसाइटचा (न्यूट्रोफिलच्या अपरिपक्व अवस्थेचा) तर किडनीसारखाच असतो. क्रम असा ठेवा: शेजारच्या लाल पेशीच्या मानानं पेशी केवढी, सायटोप्लाझमचा (न्यूक्लिअसभोवतीच्या भागाचा) रंग काय, दाणे कसले, क्रोमॅटिन घट्ट की सुटा, आणि मग आकार. लाल पेशी सात ते आठ मायक्रॉनची, ती फूटपट्टी प्रत्येक फील्डमध्ये फुकट मिळते. फक्त लाल पेशी स्वतःच लहान आहेत का ते पाहून घ्या. आयर्नच्या कमतरतेत फूटपट्टीच आखूड झालेली असते.

न्यूट्रोफिल, इओसिनोफिल आणि बेसोफिलवर फार वेळ घालवत नाही. न्यूट्रोफिलचे दाणे रांगोळीच्या गुलाबी धुळीसारखे, एकेक वेगळा दिसत नाही. इओसिनोफिलचे दाणे बुंदीच्या लाडवासारखे: गोल, एकाच मापाचे, ठासून भरलेले, पण न्यूक्लिअसवर चढत नाहीत. न्यूक्लिअस बहुधा दोन लोबचा, चष्म्यासारखा. गडद दाण्यांचा न्यूट्रोफिल की इओसिनोफिल अशी शंका आली तर फाइन फोकस किंचित वर-खाली करा, इओसिनोफिलचा दाणा चमकतो. बेसोफिलचे जांभळे-काळे दाणे न्यूक्लिअसच्याही वर पसरतात. ते पाण्यात विरघळतात, म्हणून जास्त धुतलेल्या स्लाइडवर बेसोफिलमध्ये नुसत्या रिकाम्या जागा दिसतात. बेसोफिल वाढलेले दिसले आणि काउंटही मोठा असेल तर मायलोसाइट, मेटामायलोसाइट शोधायला लागा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया तिथून सापडतो.

न्यूट्रोफिलचे लोब मोजताना जोडणारा धागा बघा. धागा सुतासारखा आणि आत क्रोमॅटिन नसलेला, तर सेगमेंटेड. जोड जाड पट्ट्यासारखा, रुंद भागाच्या एक तृतीयांशापेक्षा रुंद, तर बँड. खाच न्यूक्लिअसच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंतही गेली नाही तर मेटामायलोसाइट. खरं सांगायचं तर बँडवर दोन अनुभवी माणसांचंही एकमत होत नाही. म्हणून ते न्यूट्रोफिलमध्येच मोजून, जास्त असतील तर शेरा लिहिणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. पाच लोबवाले १०० मध्ये पाचपेक्षा जास्त, किंवा सहा लोबवाला एकही, दिसला तर बी-१२ किंवा फोलेटचा विचार होतो. ते आवर्जून लिहा.

आता तुमची खरी अडचण. डेंगीच्या दिवसांत येणारा मोठा, रिॲक्टिव्ह (संसर्गामुळे बदललेला) लिम्फोसाइट आणि मोनोसाइट. दोन्ही लाल पेशीच्या दुप्पट, दोन्हींचा न्यूक्लिअस वेडावाकडा, दोन्हींत सायटोप्लाझम भरपूर. एक पेशी फील्डच्या मध्यभागी घ्या आणि आधी नुसती तिची कड बघा. रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट शेजारच्या लाल पेशींना बिलगतो, त्याची कड त्यांच्यामध्ये घुसते आणि जिथं टेकते तिथं निळा रंग गडद होतो, जणू साडीला काठ. मोनोसाइट सहसा आपली कड राखून असतो, लाल पेशीच त्याला वळसा घालतात. मग रंग. लिम्फोसाइटचं सायटोप्लाझम आरपार निळं, न्यूक्लिअसभोवती थोडं फिकट. मोनोसाइटचं राखाडी-निळं, गढूळ, रंकाळा तलावावरच्या जुलैतल्या आभाळासारखं. त्यात लालसर धूळ आणि पुष्कळदा टाचणीनं टोचल्यासारख्या पोकळ्या. लिम्फोसाइटमध्ये दाणे असलेच तर मोजता येतील एवढे आणि ठसठशीत लाल-जांभळे. मग क्रोमॅटिन. लिम्फोसाइटचा म्हणजे नांगरलेल्या काळ्या रानातली ढेकळं, गर्द ठोकळे आणि मध्ये अस्पष्ट फटी. मोनोसाइटचा पिंजलेल्या लोकरीसारखा सुटा, मेंदूवरच्या वळ्यांसारख्या घड्या पडलेला. यात क्रोमॅटिनला सगळ्यांत जास्त वजन द्या आणि पोकळ्यांना सगळ्यांत कमी, कारण जुन्या रक्तात त्या कुणालाही पडतात.

पावसाळी तापाच्या स्लाइडवर मोनोसाइट आणि न्यूट्रोफिलच्या आत तपकिरी-काळे कण दिसतात का तेही बघा. ते मलेरियाचं पिगमेंट असू शकतं, आणि पॅरासाइट हाती लागला नाही तरी जाड स्मिअर करायला ते पुरेसं कारण आहे. डेंगीत टक्केवारीनं फसू नका. टीसी (एकूण पांढऱ्या पेशी) ३००० आणि लिम्फोसाइट ६० टक्के म्हणजे एकूण १८०० लिम्फोसाइट, हे नॉर्मलच झालं. वाढ झालेली नाही, न्यूट्रोफिल घटलेत. म्हणून ॲब्सोल्यूट आकडा शेजारी लिहिण्याची सवय लावा. चार-पाच वर्षांखालच्या मुलांत लिम्फोसाइटच जास्त असतात, तिथं ६० टक्के बघून दचकू नका.

लहान लिम्फोसाइट आणि न्यूक्लिएटेड (न्यूक्लिअस अजून न गेलेल्या) लाल पेशी यांचाही गोंधळ होतो. अशा लाल पेशीचा न्यूक्लिअस शाईच्या ठिपक्यासारखा गोल आणि गच्च, सायटोप्लाझम गुलाबी किंवा राखाडी-गुलाबी. लिम्फोसाइटचं निळं. न्यूक्लिएटेड लाल पेशी दर १०० पांढऱ्या पेशींमागे किती ते वेगळं मोजा आणि टीसी दुरुस्त करा: टीसी गुणिले १००, भागिले (१०० अधिक त्यांची संख्या). टीसी १८,००० आणि त्या २० दिसल्या तर खरा टीसी १५,०००. मशीननं आधीच वजा केलेल्या असतील तर मात्र दुसऱ्यांदा वजा करू नका. फुटलेल्या, पसरलेल्या स्मज पेशी वयस्कर पेशंटमध्ये जास्त दिसल्या तर चार-पाच थेंब रक्तात एक थेंब २२ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिन मिसळून पुन्हा स्मिअर ओढा. पेशी शाबूत राहतात आणि लिम्फोसाइट असतील तर तसे मोजता येतात.

ब्लास्टबद्दल एवढंच: न्यूक्लिअस पेशीचा बहुतांश भाग व्यापणारा, क्रोमॅटिन मलमलीसारखा तलम, त्यात फिकट निळसर न्यूक्लिओलस, सायटोप्लाझमची निळी कड. शंका आली की ‘मोठा लिम्फोसाइट’ म्हणून रकान्यात ढकलू नका आणि स्वतः नावही ठेवू नका. ऑअर रॉड म्हणजे लाल काडी दिसली तर ब्लास्ट मायलॉइड वंशाचा नक्की. काड्यांचे जुडगे आणि डंबेलसारखे न्यूक्लिअस दिसले तर रिपोर्टची वाट न बघता पॅथॉलॉजिस्टना फोन करा. प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियात रक्तस्रावानं पेशंट काही तासांत जाऊ शकतो.

थ्री-पार्ट मशीनच्या ‘मिड’चं काय? ते आकारमानावरून तीन ढीग करतं. मधल्या ढिगात मोनोसाइट, काही इओसिनोफिल, बेसोफिल, रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट आणि ब्लास्टसुद्धा येऊ शकतात. १४ टक्के मिड म्हणजे १४ टक्के मोनोसाइट हे समीकरण रिपोर्टात छापणं चूक आहे. मिड वाढला की स्लाइड बघा, एवढाच त्याचा अर्थ.

आता २० आणि ६. १०० पेशी मोजल्यावर खरं प्रमाण ६ असेल तर मोजणीच्या नशिबानं साधारण २ ते १२ काहीही येऊ शकतं. तुम्हाला १० आले असते तर मी काहीच म्हटलं नसतं. २० मात्र नशिबात बसत नाही, तिथं ओळखच चुकतेय किंवा जागा. तीच स्लाइड परत घ्या. मोजायच्या भागाभोवती मागच्या बाजूनं मार्करनं चौकट आखा आणि त्या चौकटीतच तुम्ही २०० मोजा, सरांनाही २०० मोजायला सांगा. तुमचा आकडा तिथंच खाली आला तर आधी तुम्ही शेपटीत मोजत होता. नाही आला तर तुम्हाला मोनोसाइट वाटलेल्या प्रत्येक पेशीचा स्टेजवरचा आडवा-उभा आकडा लिहून ठेवा आणि सरांबरोबर त्या दहा-पंधरा पेशी एकेक करून बघा. जिथं तुमचं जमत नाही तिथं कड, रंग, क्रोमॅटिन यांतलं काय वेगळं दिसलं ते आकड्यासमोर पेन्सिलीनं लिहा. तेल झायलिननं अलगद उतरवून ती स्लाइड पेटीत जपून ठेवा, डेंगीचा पुढचा सीझन सुरू झाला की पहिल्या दिवशी तीच काढून बघायची.